गावाची खोली, नागपाड्याचं घर आणि आपली अंगणवाडी

माझ्या आजोबांचा मुंबईतला संसार म्हणजे भिंतीतला एक खिळा आणि खिळ्याखाली एक पत्र्याची ट्रंक. खिळ्याला सदरा, ट्रंकेत बाकी सगळं. झोपायची जागा दोघांत एक. एकाची दिवसपाळी, दुसऱ्याची रातपाळी. एक उठून कामावर गेला की दुसरा त्याच जागेवर आडवा. परळच्या एका चाळीतली ती खोली कोणा एकाची नव्हती, आमच्या गावाची होती. भाडं सगळ्यांनी वाटून भरायचं, झाडलोट पाळीपाळीने करायची आणि रत्नागिरीहून नवा पोरगा आला की ‘जागा नाही’ असं म्हणायचं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडल्याचं आजोबांना आठवत नव्हतं.

हे आज लिहायला बसलो त्याला कारण आहे. आमच्या गावाबाहेरच्या एका आंबा बागेत राखणीला नेपाळी कुटुंब आहे. नवरा-बायको आणि तीनेक वर्षांची मुलगी. दिवाळीनंतर आले, पावसाच्या तोंडाला जातील. त्या मुलीचं वजन कोणी केलं का, लस झाली का, म्हणून सहज चौकशी केली. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, “दादा, सर्वे झाला तेव्हा ते नव्हते. आता नाव घालायचं तर कुठल्या वाडीत घालू?” ताईंचा दोष नाही. प्रश्न मात्र डोक्यात राहिला. आपल्या आजोबांना परक्या शहरात खिळा मिळाला. आपल्या गावात आलेल्या परक्याला काय मिळतं?

मंडळी, थोडं मागे जाऊ.

रत्नागिरी जिल्हा म्हणजे तेव्हा आजचा सिंधुदुर्गही त्यातच. तो वेगळा झाला 1 मे 1981 ला. जमीन डोंगराळ, शेती पावसाच्या चार महिन्यांची, खाणारी तोंडं जास्त. त्यामुळे मुंबईला जाणं हा इथे पराक्रम नव्हता, रीत होती. 1921 च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्या, पण जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला असणाऱ्यांची संख्या दोन लाखांच्या वर होती आणि शहराची सगळी लोकसंख्या होती पावणेबारा लाखांच्या आसपास. म्हणजे रस्त्यात भेटलेला साधारण दर सहावा माणूस आपला. आगबोटीतून भाऊच्या धक्क्यावर उतरायचं आणि गाववाल्याच्या पत्त्यावर जायचं. हा पत्ता म्हणजेच गावाची खोली. काही जण तिला बैठकीची खोली म्हणत.

खोलीत नुसतं झोपायला मिळायचं असं नाही. गिरणीत जॉबरकडे शब्द टाकणारा माणूस तिथेच भेटायचा. आजारी पडलात तर पेज करून देणारा तिथेच. ज्याला लिहिता येतं तो बाकीच्यांची पत्रं लिहायचा, मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा. भिशी तिथे, भजन तिथे, गावच्या देवळाच्या कौलांची वर्गणी तिथे. कोणी मेलं तर लाकडांचे पैसे तिथून आणि गावाला कळवायची जबाबदारीही तिथलीच. 1928 चा गिरणी संप सहा महिने चालला. असे संप निभावले त्यामागे युनियन होतीच, पण अशा खोल्या आणि गावाकडची भातशेतीही होती.

जेवण खानावळीत. बरेचदा ती चालवणारी बाईही कोकणातली किंवा घाटावरची, एखाद्या गिरणी कामगाराचीच बायको. महिनाभर उधारीवर जेवू घालायचं, पगाराला हिशोब. या बायकांना बँक दारात उभी करत नसे, सावकार मात्र करायचा. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी. बँकेचं कर्ज मिळवून द्यायचं आणि सावकाराच्या तावडीतून सोडवायचं. पुढे 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार घरी बसले. ज्यांची उधारी त्यांच्यावर होती त्या खानावळवालींचं काय झालं असेल, याचा विचार आपल्या संपाच्या गोष्टींत फार कमी येतो.

या गोष्टीची दुसरी बाजू इकडे गावात. पुरुष मुंबईला आणि बाई, पोरं, म्हातारी माणसं गावी. 2011 च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 बायका आहेत. लोक याचं कौतुक करतात, पण या आकड्यात कौतुकापेक्षा मुंबईची गाडी जास्त आहे. मनीऑर्डर आली की घर चाललं, नाही आली की शेजारणीकडून पायलीभर तांदूळ. पोर तापलं तर वैद्याकडे नेणारी, बाळंतपणाला धावणारी, शेत लावणीला हात देणारी सगळी वाडीतली. मुंबईच्या खोलीत पुरुषांनी जे केलं तेच वाडीत बायकांनी केलं, फक्त त्याला कोणी ‘संस्था’ म्हटलं नाही.

इथपर्यंत छान वाटतं. आता जरा न आवडणारी गोष्ट.

ही खोली सगळ्यांची नव्हती. गावाची म्हणायची, पण गावातल्या एका जातीची असायची. कुणबी मंडळींची वेगळी, मराठ्यांची वेगळी, भंडाऱ्यांची वेगळी. त्याच गावातला महार समाजाचा तरुण त्याच बोटीने मुंबईला आला, तरी तो वेगळ्या चाळीत, आपल्या माणसांकडे. मोहल्ल्यातला खलाशी जमातीच्या खोलीवर. गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींचे गावाच्या नावाने चालणारे कूड धोबीतलाव-माझगावकडे. प्रत्येकाने आपल्या माणसाला सांभाळलं, आणि ‘आपला’ कोण हे गावातून निघतानाच ठरलेलं होतं.

याची किंमत पोटावर यायची. गिरणीत चांगला पगार विणकाम खात्यात. तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. म्हणून दलित कामगारांना त्या खात्यात घेऊच द्यायचे नाहीत. का, तर विटाळ. मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे असलेल्या डॉ. आंबेडकरांनी कामगार पुढाऱ्यांना हेच जाहीरपणे विचारलं होतं, की तुमच्या एकजुटीत ही भिंत बसते कशी? खोलीवरची माया खरी होती आणि खात्याच्या दारावरची अडवणूकही खरी होती. बरेचदा दोन्हीकडे माणसं तीच होती.

म्हणजे आपल्या इतिहासात एकमेकांना सांभाळणं भरपूर आहे. कमी आहे ते शेजारी म्हणून सांभाळणं. तू माझ्या जातीचा, माझ्या गावचा, म्हणून नव्हे. तू या गल्लीत राहतोस एवढ्यासाठी.

रत्नागिरी शहरात याला एक धक्का बसला तो 1931 साली. भागोजीशेठ कीर, भंडारी समाजातले, कंत्राटदारीत पैसा कमावलेले. त्यांच्या पैशातून पतितपावन मंदिर उभं राहिलं, 22 फेब्रुवारी 1931 ला खुलं झालं आणि तिथे अस्पृश्य मानलेल्यांना गाभाऱ्यापर्यंत जाता येऊ लागलं. सावरकर तेव्हा इथे स्थानबद्ध होते. सहभोजनं, शाळेत मुलांना सरमिसळ बसवणं, पुढे 1933 चं अखिल हिंदू उपहारगृह, ही त्यांचीच मोहीम. त्या काळच्या रत्नागिरीत एका पंगतीला बसणं ही साधी गोष्ट नव्हती, आणि ज्यांनी ते केलं त्यांनी घरच्यांचे बोलही खाल्ले. पण जे आहे ते सांगायला हवं. हे दार सगळ्या हिंदूंसाठी होतं, नावातच तसं होतं. याच शहरातल्या मोहल्ल्यांतला माणूस त्या हिशोबात नव्हता. एक भिंत पडली, दुसरी जागेवर राहिली.

मग सगळ्यांसाठी दार कोणी उघडलं? त्यासाठी पुन्हा मुंबईला जावं लागतं, पण यावेळी परळला नाही. नागपाड्याला.

त्याआधी 1911 मध्ये ना. म. जोशींनी सोशल सर्व्हिस लीग काढली होती. कामगारांसाठी रात्रशाळा, वस्तीत फिरणारी वाचनालयं. नंतर 1926-27 च्या सुमारास अमेरिकन मराठी मिशनने नागपाड्यात एक घर सुरू केलं: नागपाडा नेबरहूड हाऊस. साध्या मराठीत शेजारघर. चालवणारे क्लिफर्ड मॅन्शार्ट. कल्पना त्यांची एकट्याची नव्हती. लंडनमध्ये 1884 ला टॉयन्बी हॉल आणि शिकागोत 1889 ला जेन ॲडम्स यांचं हल हाऊस अशी सुरुवात झाली होती. शिकली-सवरलेली माणसं गरीब वस्तीतच राहायला जायची आणि शेजाऱ्यांना काय हवंय ते बघून काम काढायची. शिकागोत त्या गल्ल्यांमध्ये इटालियन, ग्रीक, पोलंडचे, रशियातून आलेले ज्यू असे अठरापगड लोक होते.

नागपाडाही तसाच. भायखळ्याचं 1861 चं ज्यू प्रार्थनास्थळ जवळच, आजूबाजूला मुसलमान वस्ती, ख्रिस्ती, पारशी, गिरण्यांकडे जाणारे हिंदू कामगार. अशा ठिकाणी ‘गावाची खोली’ काढणार कोणत्या गावाची? त्यामुळे शेजारघराने गाव, जात, धर्म न विचारता ‘इथे राहता ना?’ एवढंच विचारलं. वाचायला खोली, मुलांना खेळायला जागा, वर्ग, व्याख्यानं, आरोग्याची कामं. मिशनरी माणूस म्हटलं की आपल्या मनात लगेच एक प्रश्न येतो. मॅन्शार्ट यांचा भर मात्र धर्म बदलण्यावर नव्हे, वस्तीच्या सेवेवर होता.

हे काम करताना त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. नुसत्या चांगुलपणाने हे होत नाही. वस्तीत कोणाला काय कमी पडतंय हे ओळखायला आणि सरकारी दारापर्यंत माणसाला पोचवायला शिक्षण लागतं. त्यातून 1936 मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशाने समाजकार्याची शाळा निघाली आणि तिचे पहिले वर्ग याच नागपाड्याच्या घरात भरले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. आपण देवनारचा मोठा परिसर बघतो, पण त्याचं मूळ नागपाड्यातल्या त्या घरात आहे.

आता तिसरी गोष्ट, आणि ती सगळ्यात आपली आहे. 1945 मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, सोबत अनुताई वाघ. पुढे 1957 ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांत. बालवाडी काढली तर मुलं येईनात. कोणी गुरांमागे, कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, ‘या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही.’ या दोघींनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा मुलाच्या अंगणात जाईल. गुरं चरतात तिथे कुरणशाळा, घरापुढे अंगणवाडी. आधी आंघोळ, नखं, खाणं आणि मग गाणी-गोष्टी. साहित्य काय, तर शिंपले, बिया, पानं.

‘अंगणवाडी’ हा शब्द इथून आला. आज तो देशभर कागदोपत्री चालतो, पण त्याच्या पोटात एक वाक्य आहे ते आपण विसरलो: ज्याला यायला जमत नाही त्याच्याकडे आपण जायचं.

सरकारने 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, देशात 33 ठिकाणी. अंगणवाडी म्हणजे खाऊ वाटायची जागा असं आपल्याकडे अजून समजतात. कामं सहा आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडली तर दवाखान्यात पाठवणं, शाळेआधीचं शिक्षण आणि आईला आहार-आरोग्याची माहिती. नीट बघितलंत तर गावाच्या खोलीचं, वाडीतल्या शेजारणीचं आणि नागपाड्याच्या घराचं काम एकाच बाईच्या हातात दिलंय. ही बाई बाहेरून आलेली साहेबीण नाही, त्याच गावातली आहे. जगात जे काम करायला लोक इमारती बांधतात, ते आपल्याकडे कौलारू खोलीत एक सेविका आणि एक मदतनीस करतात.

तिला मिळतं काय? 2018 पासून केंद्राचं मानधन सेविकेला महिना 4500 आणि मदतनिसाला 2250 रुपये, त्यावर राज्याची भर. पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायलाही एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालय लागलं. डिसेंबर 2023 मध्ये राज्यभरच्या ताई संपावर गेल्या तेव्हा गावोगाव लोक म्हणाले, ‘यांचं काय अडलंय?’ आपल्या खानावळवाल्या बायकांसारखंच झालं की हे. सगळ्यांना जेवू घालणाऱ्या बाईचा हिशोब शेवटी.

आणि आता पुन्हा त्या बागेत येऊ.

रत्नागिरी आता नुसती माणसं पाठवणारी राहिलेली नाही. माणसं इथे येतात. आंबा बागांत राखणीला, फवारणीला, काढणीला नेपाळी. मिरकरवाड्याच्या बोटींवर परप्रांतीय खलाशी. चिरेखाणीवर, बांधकामावर, रस्त्यावर कर्नाटकातून आलेली कुटुंबं. आपली पोरं मुंबई-पुण्याला, काही आखातात, आणि त्यांनी सोडलेली कामं करायला ही माणसं. त्यांचीही एक ‘गावाची खोली’ असणारच, कुठल्या तरी पत्र्याच्या शेडमध्ये. एकमेकांना तेही सांभाळतात. पण पोराच्या लसीचं, गरोदर बाईच्या तपासणीचं काम शेडमधला गाववाला करू शकत नाही. ते दार इथलंच लागतं.

कायदा त्यांच्या विरुद्ध नाही. 13 डिसेंबर 2006 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान 40 मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे लोकांनी मागणी केल्यावर तीन महिन्यांत ती द्यायची. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकाचा अंगणवाडीतला आहार हा हक्क म्हणून लिहिलाय. अडचण वेगळी आहे. बागा विखुरलेल्या. इथे एक मूल, डोंगरापलीकडे दोन. चाळीस एका जागी कधीच होणार नाहीत. पोषण ट्रॅकर ॲपमध्ये एका अंगणवाडीतून दुसरीकडे नाव हलवायची सोय आहे. पण ज्या मुलाचं नाव आधी कुठल्याच अंगणवाडीत नाही, त्याचं हलवणार काय? शिवाय आपली गावं वाडीवाडीने वसलेली, आणि वाडी म्हणजे बहुतेक वेळा जात. अंगणवाडी ज्या वाडीत, ती त्या वाडीची असं आपण मनात धरतो. बागेतलं पोर कुठल्याच वाडीचं नाही.

म्हणून ताईंनी विचारलेला प्रश्न हा खरं तर गावाला विचारलेला प्रश्न आहे.

उत्तर अवघड नाही. बागायतदाराने माणसं आणली की किती मुलं, कुठल्या वयाची, हे त्याच आठवड्यात ताईंना आणि आशाताईंना कळवायचं. फोनवर दोन मिनिटं लागतात. ग्रामसभेत नुसत्या पाखाडीवर आणि पथदिव्यांवर बोलण्याऐवजी एकदा बागा, खाणी, शेड यांतल्या मुलांची यादी मागायची आणि ठराव करायचा की ही मुलं अमुक अंगणवाडीची. लसीकरणाच्या दिवशी बागेतली गाडी त्या बाईला घेऊन यावी. आंब्याच्या पेट्या वाहायला गाडी असते, मग एका पोराला जागा व्हायला हरकत नाही. आणि ताईंवर हे काम टाकताना त्यांच्या मानधनाच्या मागणीवर सहीही करायची. फुकटचं पुण्य दुसऱ्याच्या पाठीवर नको.

कोणी म्हणेल, आपल्याच पोरांचं धड होत नाही, यांचं कुठून करायचं? हा प्रश्न परळला कोणी विचारला असता तर आमचे आजोबा धक्क्यावरूनच परत आले असते. त्यांना खिळा मिळाला कारण ते गावचे होते. आपल्याला त्याहून एक पाऊल पुढे जायचंय. ते पाऊल नागपाड्यात पडलेलं आहे, कोसबाडला पडलेलं आहे, नवं काही शोधायचं नाही.

परवा ताईंना घेऊन बागेत गेलो. त्यांनी वजनकाटा आणला होता. मुलगी आधी रडली, मग काट्यावर उभी राहिली. वजन थोडं कमी भरलं. ताईंनी आकडा वहीत लिहिला आणि वरती वाडीच्या नावाच्या जागी काय लिहायचं म्हणून थांबल्या. मग त्यांनीच गावाचं नाव लिहिलं.

तुमच्या गावात अशी किती मुलं आहेत, एकदा मोजून बघा आणि खाली लिहा.